युरोपातल्या कंपन्या पाचव्या वर्षानंतर कुठे जातात?

प्रश्न असा आहे. पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका वाचकाने विचारलंय: "युरोपात तंत्रज्ञान संपलं, आता तिथे फक्त कायदे बनतात, असं सगळे म्हणतात. मग मास्टर्सला आइंडहोवन किंवा म्युनिकला जाण्यात अर्थ आहे का? आणि युरोपचं तंत्रज्ञान क्षेत्र धडधाकट असतं तर ते नेमकं कसं दिसलं असतं?"

मी २००४ पासून आधी नेदरलँड्स आणि मग जर्मनीत आहे. पहिली नऊ वर्षं चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली. नंतर दोन जर्मन मित्रांबरोबर कारखान्यांतल्या यंत्रांची देखभाल सांगणाऱ्या सॉफ्टवेअरची कंपनी काढली, चालवली आणि विकली. विकली ती अमेरिकन कंपनीला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी नेमकी याच गोष्टीबद्दल कुरकुर करणार आहे.

आधी "संपलं" याबद्दल. तुमच्या खिशातला फोन घ्या. त्यातल्या प्रोसेसरचा आराखडा आर्मचा, ही कंपनी १९९० साली केंब्रिजजवळ सुरू झाली. फोन अँड्रॉइडचा असेल तर त्याचा गाभा म्हणजे लिनक्स, हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेलं. ब्लूटूथ स्वीडनच्या एरिक्सनमधून आलं. ज्यावर तुम्ही हे वाचताय ते वेब जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत जन्मलं आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्नने ते जगाला फुकट देऊन टाकलं. तुमच्या कॉलेजात सगळे प्रोजेक्ट ज्या पायथॉनमध्ये होतात ती भाषा ॲमस्टरडॅमच्या एका सरकारी संशोधन संस्थेतली. तेव्हा जन्म देण्यात युरोप कधीच मागे नव्हता.

पुढे काय होतं ते बघा. स्काइप २००३ चं, संस्थापक स्वीडन-डेन्मार्कचे, कोड लिहिणारी पोरं एस्टोनियातल्या टालिनची. दोन वर्षांत इबेने २६० कोटी डॉलरना घेतलं, २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ८५० कोटींना, आणि मे २०२५ मध्ये ते बंद झालं. एआयवर काम करणारं लंडनचं डीपमाइंड २०१४ मध्ये गूगलने घेतलं. मायएसक्यूएल हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर स्वीडन-फिनलंडमधून अमेरिकेच्या सनकडे आणि तिथून ओरॅकलकडे गेलं. बुखारेस्टमध्ये सुरू झालेल्या यूआयपाथने मुख्यालय न्यूयॉर्कला नेलं आणि शेअरही तिथेच नोंदवले. पाळणा युरोपात हलतो आणि मुंज अमेरिकेत लागते. मारिओ द्रागी यांनी युरोपीय संघासाठी लिहिलेल्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात याचा आकडा आहे: २००८ ते २०२१ या काळात युरोपात स्थापन होऊन शंभर कोटी डॉलरच्या वर मूल्य गाठलेल्या कंपन्यांपैकी जवळपास ३० टक्क्यांनी मुख्यालय बाहेर हलवलं.

म्हणून माझी व्याख्या साधी आहे. कंपनीचं पाचवं वर्ष ते पंधरावं वर्ष जिथे घरच्या घरी काढता येतं ते क्षेत्र धडधाकट. पहिली पाच वर्षं युरोपात बरी जातात. विद्यापीठं चांगली, सरकारी अनुदानं मिळतात, भाड्याच्या दोन खोल्यांत आठ हुशार माणसं जमवणं अवघड नाही. अडतं ते त्यानंतर. आणि अडण्याचं पहिलं कारण लोक समजतात तसं पैसा नाही. गिऱ्हाईक आहे.

माझाच अनुभव सांगतो. एका मोठ्या सार्वजनिक वाहतूक संस्थेत (नाव नको) आमचं सॉफ्टवेअर चाचणीसाठी लावलं. चौदा महिने चाचणी चालली. डेपोतले मेकॅनिक खूष होते, एका फोरमनने तर स्वतःच्या खर्चाने आम्हाला केक आणला होता. मग खरेदीची निविदा निघाली आणि तिच्यात अट होती: मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि याच प्रकारच्या कामाचे तीन संदर्भ. आमची कंपनी अडीच वर्षांची. खरेदी विभागातल्या बाईंना मी विचारलं की पहिला संदर्भ मिळणार कसा? त्या अगदी प्रामाणिकपणे म्हणाल्या, "दुसरीकडून." लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातला प्रकार. काम एका जुन्या बड्या कंपनीला गेलं, आणि तिने पुढे आमच्याच सॉफ्टवेअरचा परवाना आमच्याकडून भाड्याने घेतला. मधला नफा तिचा.

आता पलीकडे बघा. डिसेंबर २००८ मध्ये नासाने स्पेसएक्सला अंतराळ स्थानकावर सामान पोचवण्याच्या १२ फेऱ्यांचं १६० कोटी डॉलरचं कंत्राट दिलं. तेव्हा त्या कंपनीचं एकच रॉकेट, तेही चौथ्या प्रयत्नात, कक्षेत पोचलं होतं. हे अनुदान नव्हतं, ऑर्डर होती. अनुदान मिळालं की माणूस अहवाल लिहितो, ऑर्डर मिळाली की माल बनवतो. युरोपात अनुदानांचा तुटवडा नाही. इथे कंपन्यांना अनुदानाचे अर्ज भरून देणारे सल्लागार हाच एक भरभराटीचा धंदा आहे.

जर्मनीच्या उत्तरेच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं की सुमारे ३०,००० सरकारी संगणकांवरून मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून फुकट मिळणारं, खुल्या कोडचं लिब्रेऑफिस बसवणार. यात मला लिब्रेऑफिसपेक्षा वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. परवान्यापोटी बाहेर जाणारा पैसा आसपासच्या छोट्या कंपन्यांना दुरुस्ती आणि देखभालीच्या कामाच्या रूपाने मिळू शकतो. म्युनिक महापालिकेने असंच, विंडोज सोडून लिनक्सकडे जायचं, २००३ मध्ये ठरवलं होतं, दहा वर्षं खपून पुरं केलं आणि २०१७ मध्ये राजकारण बदलल्यावर परत विंडोजकडे वळायचं ठरवलं. म्हणजे एकट्या शहराच्या हौसेवर हे टिकत नाही. दहा राज्यांनी एकदम घेतलं तर टिकेल.

दुसरी अडचण बाजाराची. ४५ कोटी लोकांची एक बाजारपेठ, असं ब्रुसेल्समध्ये म्हणतात. तुम्ही पुण्यात वडापावच्या गाडीवर क्यूआर स्कॅन करता, तोच ॲप कोल्हापुरात, गोव्यात, गुवाहाटीत चालतो. आता युरोप. नेदरलँड्समध्ये आयडील, २००५ पासून, उत्तम. स्वीडनमध्ये स्विश, डेन्मार्कमध्ये मोबाइलपे, पोलंडमध्ये ब्लिक, पोर्तुगालमध्ये एमबी वे, सगळे उत्तम. आणि वर्षानुवर्षं सगळे सीमेपाशी येऊन थांबलेले. आइंडहोवनहून बेल्जियमची सीमा सायकलने दीड तासावर आहे. पलीकडच्या दुकानात माझा आयडील चालत नसे, मग व्हिसा किंवा मास्टरकार्ड काढायचं, म्हणजे दोन युरोपीय देशांतल्या कॉफीच्या व्यवहारात दलाल अमेरिकन. काही बँकांनी मिळून २०२४ मध्ये वेरो नावाची सामाईक सेवा सुरू केली, जर्मनीपासून सुरुवात करून. यूपीआय आलं २०१६ मध्ये. इथे अभियंते कमी पडले नाहीत. प्रत्येक देशातल्या बँकांना आपलं आहे ते पुरेसं वाटत होतं, आणि "सगळ्यांनी एकच वापरा" म्हणणारं कोणी नव्हतं.

नाणेनिधीच्या अंदाजाप्रमाणे युरोपातल्या देशादेशांतले अडथळे सेवांच्या व्यापारावर ११० टक्के जकात लावल्यासारखे आहेत. सॉफ्टवेअर ही सेवाच. ट्रम्प यांच्या टॅरिफवर इथल्या वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले, ही घरातली जकात मात्र कोणाच्या बोलण्यात नसते.

कायद्याचं म्हणाल तर एक प्रसंग सांगतो. जर्मनीत खासगी मर्यादित कंपनी काढायची, तिचे समभाग कोणाला द्यायचे किंवा भांडवल वाढवायचं, तर नोटरीकडे जावं लागतं. आपल्याकडच्या कोर्टाबाहेर शिक्का घेऊन बसणाऱ्या नोटरीशी याचा काही संबंध नाही. हा जाडजूड फी घेणारा कायदेपंडित असतो, आणि करारनामा त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायचा, असा कायदा आहे. सगळा. आमच्याकडे दुसरा गुंतवणूकदार आला तेव्हा करार सत्तरेक पानांचा होता. नोटरी एका सुरात, श्वास न घेता, सत्यनारायणाच्या पोथीसारखा वाचत होता. मधे मधे "हे बरोबर?" म्हणून मान वर करायचा आणि आम्ही माना डोलवायचो. माझा सहसंस्थापक तिसऱ्या अध्यायाच्या आसपास झोपला. प्रसाद म्हणून शेवटी बिस्किटं होती आणि बिल पाच आकडी. २०२२ पासून कंपनी व्हिडिओ कॉलवरून काढता येते, पण वाचन चुकलेलं नाही.

गंमत बाजूला ठेवू. एकटा जर्मन नियम असता तर सोसला असता. फ्रान्सचा वेगळा, इटलीचा वेगळा, आणि गुंतवणूकदाराच्या वकिलाला सगळे समजून घ्यायला वेळ नसतो. तो म्हणतो, "अमेरिकेत, डेलावेअर राज्यात नोंदवा, मला तेवढंच कळतं." कंपनी अमेरिकेला निघते ती बऱ्याचदा अशी, एका वकिलाच्या सोयीसाठी. एन्रिको लेट्टा आणि द्रागी, दोघे इटलीचे माजी पंतप्रधान, दोघांच्याही २०२४ च्या अहवालांत सूचना आहे की २७ देशांचे कायदे राहू देत, त्यांच्या जोडीला ज्याला हवा त्याच्यासाठी एक युरोपीय कंपनी कायदा असावा. तसा प्रकार २००४ पासून एक आहे, पण त्याला किमान १,२०,००० युरो भांडवल लागतं आणि तो एअरबससारख्या हत्तींसाठी शिवलेला अंगरखा आहे. एका संध्याकाळी, एका भाषेत, शंभर युरोत कंपनी निघाली आणि तिचे समभाग लिस्बनच्या इंजिनिअरला तितक्याच सहज देता आले, तर माझ्या मते निम्मं दुखणं तिथेच हलकं होईल.

कर्मचाऱ्यांना समभाग देणं हेही असंच. जर्मनीत बरीच वर्षं पद्धत अशी होती की कागदावर समभाग मिळाले की लगेच कर, हातात दमडी येण्याआधी. म्हणून कंपन्या "आभासी" समभाग देतात, म्हणजे खरा हिस्सा नाही, कंपनी विकली गेली की तेवढ्या हिश्श्याची रक्कम. आमची कंपनी विकली गेली तेव्हा आमच्या पहिल्या सहा लोकांना मिळालेल्या रकमेवर पगारासारखा कर लागला, जवळजवळ अर्धी रक्कम गेली. कायदा नंतर थोडा सुधारला. त्या सहांपैकी एकीच्या मनात स्वतःची कंपनी काढायचं होतं. उरलेल्या पैशात तिने फ्लॅट घेतला. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

टालिनमध्ये उलट झालं. स्काइप विकलं गेलं, पण पैसा आणि माणसं गावातच फिरत राहिली. स्काइपच्या पहिल्या कर्मचाऱ्याने एका मित्राबरोबर वाइज काढली, जिच्यातून परदेशातली मराठी माणसं आई-वडिलांना पैसे पाठवतात. धडधाकट क्षेत्राची ही सगळ्यात खात्रीची खूण: एका कंपनीच्या बियांतून दहा उगवणं. वाइजने मात्र २०२५ मध्ये आपल्या शेअरची लंडनमधली मुख्य नोंदणी अमेरिकेत हलवायचं ठरवलं. इथे खरोखर पैशाचा मुद्दा येतो.

पैसा आहे, पण झोपलेला. २०२२ मध्ये युरोपीय संघातल्या कुटुंबांनी १,३९,००० कोटी युरो बचत केली, अमेरिकन कुटुंबांनी ८४,००० कोटी. इथला माणूस बचत बँकेत ठेवतो किंवा विम्यात घालतो. माझे सासरे (डच) निवृत्त शिक्षक, त्यांचा पेन्शन फंड जगातल्या सगळ्यात मोठ्या फंडांपैकी एक, आणि त्याचे पैसे मोठ्या प्रमाणात अमेरिकन शेअरमध्ये. म्हणजे डच मास्तरांची पुंजी कॅलिफोर्नियात जाते, तिथला फंड त्यातून युरोपातली कंपनी विकत घेतो, आणि आम्ही परिषदा भरवतो. अपवाद स्वीडनचा. तिथे २०१२ पासून सोप्या कराचं शेअर-खातं आहे, सामान्य माणूसही शेअर घेतो, म्हणून लहान कंपन्यांना स्टॉकहोमच्या बाजारात उतरता येतं. यात नवीन शोध लावण्यासारखं काही नाही, उचलायचं आणि लावायचं.

नोकरकपातीबद्दल बोललं की माझे जर्मन मित्र नाराज होतात, तरी बोलतो. नवं तंत्रज्ञान म्हणजे दहा प्रयोग, आठ फसणार. फसलेला प्रयोग बंद करणं महाग असेल तर मोठ्या कंपन्या असे प्रयोग सुरूच करत नाहीत. जर्मनीत दहापेक्षा जास्त माणसं असली की कपातीत कोण जाणार हे वय, नोकरीची वर्षं, घरात किती जण अवलंबून आहेत यावर ठरतं. अमेरिकेसारखं सकाळी ईमेल आणि दुपारी खोकं, हे मला नको. डेन्मार्कची पद्धत बघा: नोकरी जाणं सोपं, पण त्यानंतर दोन वर्षांपर्यंत बेकारी भत्ता आणि नवं शिकण्याची सोय. तिथे माणूस सांभाळतात, खुर्ची नाही.

आणि नियमांमुळे सगळं बुडालं, हे मला पटत नाही. २०१८ चा जीडीपीआर, म्हणजे लोकांची खासगी माहिती जपण्याचा युरोपीय कायदा, आम्हाला जड गेला नाही, एका चांगल्या वकिलाचं काम होतं. (कुकीजना होकार विचारणाऱ्या त्या चिठ्ठ्या मुळात त्याच्याही आधीच्या कायद्यातून आल्यात, शिव्या मात्र यालाच.) जड गेलं ते हे की एकाच कायद्याचा अर्थ लावणारी कार्यालयं एकट्या जर्मनीतच राज्याराज्यांची वेगळी आहेत.

आता राजकारण्यांचा आवडता विषय, "आपलं गूगल". २००५ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शिराक आणि जर्मनीचे चान्सलर श्र्योडर यांनी क्वाएरो नावाचं फ्रँको-जर्मन शोधयंत्र मोठ्या थाटात जाहीर केलं. आठवतं कोणाला? जर्मन त्यातून पुढच्याच वर्षी बाहेर पडले. दुसऱ्याचं जुनं यश सरकारी पैशाने पुन्हा बांधायला निघालं की हेच होतं.

त्याच्याऐवजी फेल्डहोवनला जा. आइंडहोवनच्या कुशीतलं गाव. १९८४ मध्ये फिलिप्सच्या आवारातल्या गळक्या शेडमध्ये एएसएमएल सुरू झाली. आज जगातल्या सगळ्यात बारीक चिप ज्या यंत्रांशिवाय बनत नाहीत ती फक्त ही कंपनी बनवते. यंत्राच्या पोटात सेकंदाला ५०,००० कथिलाचे थेंब सुटतात. कथिल म्हणजे तेच, कल्हईवाल्याचं. प्रत्येक थेंब केसाच्या जाडीपेक्षा बारीक. त्यावर लेझरचा पहिला मारा बसतो, थेंब भाकरीसारखा चपटा होतो. दुसऱ्या माऱ्याने तो पेटून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश सोडतो. हा प्रकाश हवा गिळते आणि काचही गिळते, म्हणून सगळं निर्वातात आणि भिंगांऐवजी आरसे. ते आरसे ओबरकोखेन या लहानशा गावात झाइस करते. आरसा जर्मनीएवढा मोठा केला तर त्यावरचा सगळ्यात मोठा उंचवटा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा असेल. लेझर श्टुटगार्टजवळच्या ट्रुम्फचा.

मालकी बघा. झाइस एका प्रतिष्ठानच्या मालकीची, ट्रुम्फ एका कुटुंबाच्या. दर तीन महिन्यांनी शेअर बाजाराला तोंड दाखवायचं नाही, म्हणून वीस वर्षं पदरमोड करत थांबता आलं. एएसएमएल बाजारात होती, तिला २०१२ मध्ये गिऱ्हाइकांनीच तारलं: इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंगने मिळून सुमारे २३ टक्के हिस्सा घेतला आणि वर संशोधनाला पैसे दिले. आणि हे सगळं "स्वदेशी" आहे असंही नाही. मूळ संशोधनातलं बरंचसं अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांतलं, प्रकाशस्रोत बनवणारी कंपनी सॅन डिएगोची, ती २०१३ मध्ये विकत घेतली. मी तिथल्या कँटीनमध्ये जेवत असे तेव्हा टेबलावर डच, तैवानी, तुर्की आणि आम्ही दोन-तीन मराठी. मला युरोपचं बरं झालेलं रूप डोळ्यांसमोर येतं ते असं: लोकांना नाव माहीत नसलेल्या, पण ज्यांच्यावाचून जगाचं अडतं अशा पन्नास कंपन्या.

नुसता पैसा ओतून हे होत नाही, हे नॉर्थव्होल्टने दाखवलं. स्वीडनमधली बॅटरीची कंपनी, अब्जावधी उभे केले, देशाच्या उत्तरेत कारखाना उभारला, पण माल वेळेत आणि पुरेशा दर्जाचा निघेना. २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने २०० कोटी युरोंची ऑर्डर मागे घेतली आणि मार्च २०२५ मध्ये दिवाळं निघालं.

क्लाउडबद्दल थोडक्यात. युरोपचा बराचसा डेटा तीन अमेरिकन कंपन्यांच्या यंत्रांवर आहे. उद्या सगळं घरी आणा म्हणणं वेडेपणा आहे. दार उघडं असलं की पुरे. सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या डेटा कायद्याने सेवा बदलणं सोपं करायला लावलंय, आणि जानेवारी २०२७ पासून डेटा बाहेर नेण्याचं वेगळं भाडं घेता येणार नाही. या कंटाळवाण्या कलमावर माझा भाषणांपेक्षा जास्त भरवसा आहे.

आता तुमचं. मास्टर्सला या. आइंडहोवन, डेल्फ्ट, म्युनिक, लूव्हेन, कुठेही. लूव्हेनला आयमेक आहे, चिपच्या संशोधनात त्याच्या तोडीचं फार थोडं. पगार अमेरिकेपेक्षा कमी मिळेल, कर जास्त जाईल, व्हिसाच्या कार्यालयात एका कागदासाठी चार महिने वाट बघाल. मी एकदा सात बघितली. जर्मनीत येणार असाल तर पुण्यातच बी१ या मधल्या पातळीपर्यंत जर्मन करून या. ऑफिस इंग्रजीत चालतं, पण गिऱ्हाईक कारखान्यात जर्मनच बोलतं, आणि गिऱ्हाइकाशी बोलणारा माणूस कपातीत शेवटी जातो.

आणि छोट्या कंपनीत मुलाखत असेल तर शेवटी ते विचारतात, "काही प्रश्न आहेत?" तेव्हा विचारा की पैसे देणारी गिऱ्हाइकं किती आणि किती देशांत. आमच्याकडे २०१८ मध्ये हे कोणी विचारलं असतं तर उत्तर होतं: सात गिऱ्हाइकं, दोन देश, आणि सातातली पाच एकाच शहरात.